कोल्हापूर ते लातूर, अठ्ठावन्न मिनिटं

कोल्हापूर विमानतळ ते लातूर विमानतळ हे अंतर तीनशे एक किलोमीटर आहे. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर.

एवढंच वाक्य लिहिलेला कागद मी विज्ञान प्रदर्शनासाठी कुंभार सरांपुढे ठेवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अख्ख्या नववी 'ब'ला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तीनशे एक. बरं. उद्या किती असेल?"

"तीनशे एकच, सर."

"परवा?"

"तीनशे एक."

"मग ह्यात प्रकल्प कुठाय, चौगुले? अंतर म्हणजे काय ऊस आहे वाढायला?"

वर्ग खदाखदा हसला. मागच्या वर्षीची मी असते तर कागद गोळा करून मुकाट्यानं बाकावर जाऊन बसले असते, आणि पुढचे चार दिवस डबाही एकटीनं खाल्ला असता. पण ह्या वर्षी मला काय झालंय कुणास ठाऊक, तोंडाला जणू स्प्रिंगच बसलीय. मी म्हटलं, "अंतर वाढत नाही सर, पण वेळ बदलतो. तेच विमान, तोच रस्ता, आणि रोज वेगळा वेळ. तो का बदलतो ते मला शोधायचंय."

हसणं थांबलं. सरांनी चष्मा खाली घेतला. "शोध," म्हणाले. "पण आकडे आण. गोष्टी नकोत."

आकडे तर माझ्याकडे डिसेंबरपासूनचे होते! ते मी का लिहून ठेवले, हे सांगायचं तर आधी आईबद्दल सांगायला हवं.

माझी आई, वैजयंती चौगुले, लातूरच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायचं म्हणून कुठून कुठून पोरं लातूरला येतात, खोल्या करून राहतात, डबे लावतात, आणि त्यांतली निम्मी आईच्या वर्गात बसतात. म्हणजे बघा, गोंदियाच्या मुलीला माझी आई आठवड्यातले सहा दिवस, आणि मला फक्त शनिवारी रात्री उशिरा ते रविवारी दुपार. पप्पा इथल्या साखर कारखान्यात शेतकी अधिकारी आहेत. कुणाच्या रानात किती ऊस, तो कधी तोडायचा, कारखान्यात कधी आणायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. त्यांना ऊस सोडता येईना, तिला मुलं सोडता येईनात, आणि मधे एसटीचे आठ तास. मी सहा वर्षांची असल्यापासून आमचं घर असंच चाललं होतं.

मग २०३९च्या दिवाळीत 'मैना हवाई सेवा' नावाच्या कंपनीनं कोल्हापूर-लातूर विमान सुरू केलं. विमानाचं नाव 'घार'. नऊ खुर्च्या, लांबलचक बारीक पंख, विजेवर चालणारं. इतकं शांत, की ते धावपट्टीवर उतरताना बाभळीवरचे बगळेसुद्धा उडत नाहीत. पण सुरुवातीला त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता. विजेच्या विमानाचं दुखणं एकच, बॅटरी. आपल्या जोरावर तीनशे एक किलोमीटर उडालं तर पोचेपर्यंत बॅटरीत दहाएक टक्केच उरायचे. आणि नियम असा, की उतरताना निदान वीस टक्के शिल्लक हवी. समजा धावपट्टीवर कुत्रं आलं, किंवा ऐनवेळी वारा फिरला, तर पुन्हा वर उठून चक्कर मारायला ताकद नको का? हळू उडवलं तर थोडी वाचते, पण संध्याकाळी समुद्राकडून समोर वारा आला की तीही जाते. म्हणून विमान मधे सोलापूरला उतरायचं, चार्ज व्हायचं, मग पुढे. एकूण सव्वादोन तास, आणि दिवसाला एकच फेरी, तीही दुपारची. दुपारी आई फळ्यापुढे!

पण 'घार'च्या नाकात एक गंमत बसवली होती. लेसरचा डोळा. हा डोळा पुढे वीस किलोमीटरपर्यंत अदृश्य किरण सोडतो. हवेत धुळीचे कण असतातच. त्यांच्यावर आपटून किरण परत येतात, आणि कण कुठल्या दिशेनं, किती वेगानं हलतायत ते विमानाला कळतं. कण वर चढत असले तर तिथं हवा वर चढतेय. आकाशात घार पंख न हलवता गोल गोल वर जाते ना, ती अशाच चढत्या हवेच्या खांबात बसलेली असते. आमच्या घारीनंही तेच शिकायचं होतं. ती रोज उडायची, हवा कुठं चढते ते टिपायची आणि त्या सगळ्याचा एक नकाशा स्वतःच तयार करायची. त्याला म्हणतात उचल-नकाशा. चढत्या हवेतून गेलं की उंची फुकट मिळते, मोटारीला विश्रांती मिळते, बॅटरी वाचते.

महिन्याभरात नकाशा तयार झाला. डिसेंबरमध्ये घार सोलापूरला न उतरता थेट लातूरला गेली. सरळ रेघेत नाही हं! ती वळणं घेत, ह्या खांबाकडून त्या खांबाकडे, तीनशे सोळा किलोमीटर उडाली. आणि पोचली अठ्ठावन्न मिनिटांत, बॅटरीत सत्तावीस टक्के राखून. लांबच्या रस्त्यानं लवकर! मला तर ते वाचून उड्या माराव्याशा वाटल्या. मी मारल्याही. कंपनीनं लगेच सकाळची आणि संध्याकाळची फेरी सुरू केली.

आणि आई रोज घरी यायला लागली.

सकाळी सातला कोल्हापूरहून निघायची, नऊला लातुरात फळ्यापुढे. संध्याकाळी सहा पाचला तिकडून निघायची, सात तीनला इकडे. मला खरंच वाटेना. म्हणून मी रोज कंपनीच्या ॲपवर बघत बसायची: विमान कुठंय, किती मिनिटं राहिली, बॅटरी किती. आणि वहीत लिहायची. अठ्ठावन्न. एकोणसाठ. एकसष्ट. दुपारच्या फेरीचेही आकडे लिहायची, उगाच, नाद म्हणून. माझा आवडता आकडा बॅटरीचा, कारण तो चांगला असला की आई येणारच.

आता खरं सांगते, आई रोज घरी असण्याची मला सवय नव्हती. पूर्वीची शनिवारची आई म्हणजे उजनीची बासुंदी, डोक्याला तेल, "काय हवं गं माझ्या शरूला?" रोजची आई वेगळीच निघाली. "ओला टॉवेल गादीवर कुणी टाकला?" "ही वही आहे का लोणच्याचा कागद?" "पप्पा चालवून घेत असतील, मी नाही घेणार." पप्पांनाही तिचा दणका बसला. आमटीत गूळ घालण्यावरून दोघांची तीन दिवस चर्चा चालली होती. घर कसं भरल्यासारखं वाटायचं, आणि कधी कधी अंगावर आल्यासारखंही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी माझा मोबाइल काढून घेतल्यावरून आमचं जोरदार भांडण झालं आणि मी ओरडले, "मला शनिवारची आईच बरी होती!"

आईनं गॅस बारीक केला, नुसती उभी राहिली. मला वाक्य तोंडातून बाहेर पडल्या पडल्या कळलं होतं, पण स्प्रिंग बसलेलं तोंड आत वळत नाही ना. रविवारी दोघी फक्त कामापुरतं बोललो. सोमवारी सकाळी ती सातच्या विमानानं गेली.

आणि त्याच सोमवारी ते सगळं झालं.

त्याआधी दीड महिना काहीतरी बिनसत होतं. फेब्रुवारीत सकाळ-संध्याकाळच्या फेरीची शिल्लक अठ्ठावीस टक्के होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पंचवीस. मग तेवीस. मग एकवीस. एप्रिलच्या तीन तारखेला आकडा विसाच्या खाली जाणार असं दिसलं आणि विमान सोलापूरला उतरलं. आई घरी पोचली तेव्हा भात थंडगार झाला होता. कंपनीनं जाहीर केलं, बॅटऱ्या थकल्यायत, पंधरा दिवसांत नव्या येतील, तोवर विसाऐवजी पंधरा टक्के शिल्लक चालेल अशी परवानगी काढली आहे. लोक खूश. मीही खूश. आई येत होती.

पण कुंभार सरांना आकडे द्यायचे होते. सोमवारी शाळेतून आल्यावर मी आलेख काढायला बसले. सकाळ-संध्याकाळची शिल्लक लाल पेनानं, दुपारची निळ्या. आणि माझा पेन हवेतच थांबला. लाल रेघ खाली, खाली, खाली. निळी जिथल्या तिथे. उलट थोडी वरच!

बॅटरी थकली असेल तर ती दुपारी कशी ताजीतवानी होते? तेच तर विमान!

आणि लाल रेघ घसरगुंडीसारखी उतरत नव्हती, जिन्यासारखी उतरत होती. काही दिवस सपाट, मग एकदम एक पायरी खाली. पुन्हा सपाट, पुन्हा पायरी. मी पायऱ्यांच्या तारखांवर गोल केले.

साडेचारला पप्पा चहाला घरी आले. फोन कानाशीच. "काय सांगतोस? तुमचाबी पट्टा पडला? आज? मग आता त्या अंगाला कोणच ऱ्हायलं न्हाई म्हण की." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "सोलापूर भागातलं शेवटचं दोन कारखानं आज बंद झालं. ऊसच न्हाई औंदा. चहा टाकतीस काय शरू? काय करालीस एवढी?"

पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला. उसाचा कारखाना दिवाळीच्या आसपास सुरू होतो, गव्हाणीत पहिली मोळी पडते, आणि मग रात्रंदिवस, चोवीस तास, पाच-सहा महिने बॉयलर धडधडत असतात. ऊस संपला की शेवटच्या गाडीवर गुलाल उधळतात आणि धुराडी थंड होतात, ती पुढच्या दिवाळीपर्यंत. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"पप्पा, अकरा मार्चला कुणाचा पट्टा पडला होता?"

"अकरा? मंगळवेढ्याकडच्या एका कारखान्याचा. आमच्या बॅचचा सुतार हाय तिथं, फोन आलता. का गं?"

"एकोणीस मार्च?"

"त्या दिवशी दोन. सांगोल्याकडचा एक, आन् मोहोळकडचा एक."

"सत्तावीस?"

पप्पांनी मोबाइलवर त्यांचा कारखानेवाल्यांचा ग्रुप उघडला. मी तारीख म्हणायची, ते नाव म्हणायचे. एकही पायरी रिकामी गेली नाही. एकही नाही! मग मी कंपनीच्या साइटवरचा उचल-नकाशा काढला. त्यावर नावं नसतात, नुसते ठिपके. अकरा मोठे ठिपके, आणि खाली लिहिलंय: 'कायम उष्णता'. पप्पांनी एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि एकेका कारखान्याचं नाव घेतलं. अकराच्या अकरा.

म्हणजे असं. दुपारी ऊन जमीन तापवतं, काळ्या रानावरून हवा वर चढते, घारीला खांब कुठंही मिळतात. पण सकाळी सातला आणि संध्याकाळी सहानंतर ऊन कुठलं? तेव्हा हवा वर ढकलणारं एकच, साखर कारखान्यांची धुराडी आणि गरम पाण्याचे हौद. ते रात्रंदिवस चालू. माझी आई चार महिने उसाच्या वाफेवर बसून घरी येत होती!

आणि घार शिकली नोव्हेंबर-डिसेंबरात. तिनं बघितलं तेव्हा अकराही चालू होते. तिला वाटलं, हे कायमचेच.

"नाद खुळा!" पप्पा म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि मग आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. पप्पांचा हात जड झाला.

आज शेवटचे दोन बंद झाले होते. काल शिल्लक सतरा होती. बाकीच्यांमागे पायरी एक-दीड टक्क्याची, पण हे दोन सगळ्यांत मोठे ठिपके, दोन-दोन टक्क्यांचे. आज तेरा.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. विमान सहा पाचला. आणि ते दोन कारखाने सोलापूरच्या अलीकडे, आमच्या बाजूला; तिथं खांब नाहीत हे घारीला कळेपर्यंत सोलापूर मागे पडलेलं असणार.

तेरा टक्क्यांवर विमान पडत नाही, हे मला माहीत होतं. बहुतेक नीट उतरलं असतं. पण उतरताना काही अडलं, तर पुन्हा वर उठायला पुरेल की नाही, हे कुणीच सांगू शकलं नसतं. आणि मी कंपनीला सांगितलं, तर नव्या बॅटऱ्या येऊनही काही होणार नाही हे त्यांना कळणार. म्हणजे संध्याकाळची फेरी बंद. आजच्यापुरती नव्हे. पुढच्या मोळीपर्यंत. सात महिने.

आणि परवाच मी तिला म्हटलं होतं, की मला शनिवारची आईच बरी होती. आता तिला काय वाटेल? मनातलं करून दाखवलं पोरीनं!

पप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले. "आजच्या दिवस वारा कमी असंल," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "न्हाई. असं न्हाई चालायचं. फोन लाव. का मी लावू?"

"मीच लावते," मी म्हटलं. कारण आकडे माझे होते.

ॲपवर कंपनीचा नंबर होता. दोन जणांनी मला "बाळा" म्हणून टोलवलं. तिसऱ्याला मी सांगितलं, "मी बाळ नाही. माझ्याकडे तुमच्या विमानाचे एकशे बारा दिवसांचे आकडे आहेत, आणि आज संध्याकाळी तुमची बॅटरी तेरावर येणार आहे." मग त्यानं फोन नफिसा मुलाणी नावाच्या बाईंना जोडून दिला. उचल-नकाशाचं काम बघणाऱ्या मुख्य अभियंता. पुण्यात बसतात.

"बोल पटकन," त्या म्हणाल्या. "बॅटरीबद्दल असेल तर आम्हाला माहीत आहे."

"बॅटरीबद्दल नाही मॅडम. तुमच्या नकाशावरचे अकरा ठिपके कसले आहेत?"

"औद्योगिक उष्णता. कारखाने. का?"

"कसले कारखाने?"

"कसले म्हणजे? कारखाने म्हणजे कारखाने."

"साखरेचे आहेत मॅडम. ते एप्रिलमध्ये बंद असतात."

पलीकडून कळफलकाचा आवाज. मी तारखा वाचायला लागले, पायरीची तारीख आणि पट्ट्याची तारीख, जोडीजोडीनं. सहाव्या जोडीला त्या म्हणाल्या, "थांब. अगं थांब. या अल्लाह." मग कुणाला तरी ओरडून, "लातूरचं संध्याकाळचं थांबवा! हो, आत्ता. प्रवासी बसले असले तर उतरवा!"

मग माझ्याशी, एकदम वेगळ्या आवाजात: "मी वांद्र्यात वाढले गं. कारखाना म्हणजे बारा महिने भोंगा, असंच डोक्यात. आम्ही सगळ्यांनी तेच धरलं. आठ इंजिनियर आहोत इथं, आणि एकालाही ऊस कधी तोडतात ते माहीत नाही." त्या हसल्या, पण ते हसू धड नव्हतं. "घारीला कसला दोष? तिनं जे पाहिलं ते बरोबरच पाहिलं. 'कायम' हा शब्द आमचा. तुला हे कसं सुचलं?"

"माझी आई त्याच विमानानं येते."

"आज?"

"रोज."

"मग तुला कळतंय ना, तू आत्ता काय केलंस ते?"

"कळतंय," मी म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर मग मी रडले. पप्पांनी चहा केला. त्यांना नीट जमला नाही, पण मी प्यायले.

सहा वीसला आईचा फोन आला. मागे विमानतळावरचा गोंगाट. "शरू, अगं विमान रद्द झालं. कुणी नीट सांगत नाहीये. म्हणे नोव्हेंबरपर्यंत संध्याकाळचं…"

"मला माहितीय. मीच सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"आई, आधी ऐक. हे परवाच्या भांडणामुळं नाही. शप्पथ नाही. तू उद्यापासून येणार नाहीस म्हणून मला… आई, मी तसं मनापासून म्हटलं नव्हतं."

"शर्वरी," आई म्हणाली. पूर्ण नाव घेतलं की मी घाबरते. "श्वास घे. पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. लाल रेघ, निळी रेघ, पायऱ्या, पट्टे. आई मधे एकेक प्रश्न विचारत होती, तोही असा काही की मी तिच्या वर्गातच बसलेय. "किती दिवसांचे आकडे?" "एकशे बारा." "एखादी पायरी अशी, की जिच्या दिवशी पट्टा पडला नाही?" "एकही नाही." "आणि दुपारचे आकडे तू का लिहिलेस? मी तर दुपारी येत नव्हते."

"उगाच."

"उगाच!" आई चक्क ओरडली. बहुतेक आजूबाजूचे प्रवासी वळून बघत असणार. "अगं, तीच तर तुझी तुलना! ते आकडे नसते तर तुला काहीच सिद्ध करता आलं नसतं. बारावीच्या मुलांना मी वर्षभर घसा फोडून सांगते, की ज्याला काही झालं नाही त्याचेही आकडे घ्या. एक घेत नाही. आणि माझ्या घरात… पप्पा आहेत का तिथं? त्यांना दे. नको, राहू दे. तूच ऐक."

मग तिचा आवाज खाली आला.

"मी विमानात बसले होते शरू. पट्टा लावून. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होते."

पलीकडे कुणीतरी चहावाला ओरडत होता.

"टॉवेल वाळत घाल," आई म्हणाली, आणि तिचं नाक वाजलं. "आणि परवा जे म्हणालीस, त्याचं मला वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत. एवढंच सांगायला फोन लांबवतेय."

विज्ञान प्रदर्शनात मला पहिला नंबर मिळाला नाही. दुसरा मिळाला. पहिला एका मुलाच्या आपोआप उघडणाऱ्या कचरापेटीला. पण कुंभार सर माझ्या तक्त्यापुढे अर्धा तास उभे होते आणि येईल त्याला स्वतःच समजावून सांगत होते, "बघा, अंतर तीनशे एकच. पण उसाचा हंगाम संपला की वेळ वाढतो!" जणू त्यांनीच शोधलंय.

नफिसा मॅडमनी नकाशाला महिने जोडले. आता प्रत्येक ठिपक्याला हंगाम आहे, आणि कारखान्याचा पट्टा पडला की पप्पांचे मित्रच कंपनीला कळवतात. सकाळ-संध्याकाळची फेरी दिवाळीनंतर पुन्हा सुरू होईल. आई आपल्या लातूरच्या खोलीवर राहायला गेली. पहिले दोन शनिवार ती एसटीनं आली, आठ तास, पाय सुजवून.

तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, "पप्पा, दुपारचं विमान तर चालू आहे. त्याला ऊन पुरतं. मग तिनंच का यायचं?"

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. नऊ वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. लातूर ही अशी जागा होती, की जिथून आई येते. तिथं जायचं असतं, हे आमच्या गावीच नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्या सुटल्या मी साडेबाराच्या विमानात बसले. एकटी! गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि शेजारी खुर्चीवर पप्पांनी दिलेली काकवीची बरणी, पट्टा लावून. विमान उठलं. मी खिडकीला नाक लावलं ते लातूर येईपर्यंत काढलं नाही. सांगलीकडची हिरवळ मागे पडली, मग तपकिरी माळ, मग मंगळवेढ्याची काळीभोर जमीन. तिथंच खाली एक कारखाना दिसला. आवारात एक गाडी नाही, धुराड्याच्या टोकावर कावळे. घारीनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती डावीकडे कलली. काळ्या रानावर चार खऱ्या घारी गोल गोल फिरत होत्या, त्यांच्या शेजारून आम्ही वर उचलले गेलो, आणि मोटारीचा आवाज जवळजवळ बंदच झाला. मी मोठ्यांदा "वा!" म्हटलं. पुढचे काका दचकले.

एकसष्ट मिनिटं लागली.

आईला शनिवारी साडेतीनपर्यंत तास असतो. म्हणून मी विमानतळावरून रिक्षा करून थेट क्लासमध्ये गेले आणि मागच्या दारानं आत शिरले. दोनशे मुलं! शेवटच्या बाकावर एका मुलीनं सरकून जागा दिली.

पुढे माझी आई होती. पण अशी आई मी कधी बघितलीच नव्हती. ती खडू घेऊन फळ्याच्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडे नुसती पळत होती, अणूंना हाका मारत होती, हात पसरून बंध कसा तुटतो ते करून दाखवत होती. दोनशे मुलं श्वास धरून बसली होती. एक विनोद केला, छप्पर उडेल असा हशा झाला, आणि दुसऱ्या क्षणाला तिनं नुसती भुवई उचलली, की सगळे चिडीचूप. ही मुलं एवढ्या लांबून खोल्या करून का येऊन राहतात, ते मला पाच मिनिटांत कळलं. मी असते तर मीही आले असते.

"तू नवीन का?" शेजारची मुलगी कुजबुजली. "कुठून?"

"कोल्हापूर."

"जपून हं. मॅडम लई कडक आहेत."

"हो का?" मी म्हटलं.

तेवढ्यात आईनं फळ्यावर एक समीकरण अर्धं लिहिलं, खडू हातावर आपटला आणि विचारलं, "हे पुढे का सरकत नाही? कोण सांगेल?"

कुणी हात वर केला नाही. मला उत्तर धड माहीत नव्हतं, अर्धंमुर्धंच. तरी मी हात वर केला.

आईची नजर दोनशे डोक्यांवरून फिरत फिरत शेवटच्या बाकापर्यंत आली.